झाड कुठे लावायचं हे नकाशाला कसं विचारायचं: नवख्यांसाठी मार्गदर्शक

माझ्या पहिल्या नकाशात शहरातला सगळ्यात हिरवा तुकडा कुठला निघाला असेल? खेळाचं मैदान. रोज पाणी पिणारं, हिरवळीचं, एकही झाड नसलेलं. भर दुपारी तिथे बोटभर सावली नसते. तीन रात्री जागून केलेला तो नकाशा मी मोठ्या ऐटीत बैठकीत भिंतीवर लावला. मैदानालगतच्या गल्लीत राहणाऱ्या एक बाई तो बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचा भाग हिरवा दाखवलाय. म्हणजे आम्हाला झाडं मिळणार नाहीत का?"

तेव्हा नकाशा गुंडाळून घरी आलो. त्यानंतर जे शिकलो ते क्रमाने इथे लिहितो आहे. तुम्ही एखाद्या गटातर्फे, सोसायटीतर्फे किंवा पालिकेच्या मदतीला म्हणून हे काम हाती घेत असाल आणि नकाशांशी आजवर फक्त रस्ता शोधण्यापुरता संबंध आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

सुरुवातीला काय हाताशी हवं

- क्यूजिस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर आणि ते चालेल असा साधा लॅपटॉप
- वॉर्ड किंवा प्रभागांच्या हद्दींची फाइल
- लोकसंख्येची आकडेवारी, मिळेल तितक्या लहान भागाची
- जमिनीखालच्या जलवाहिन्या, गटारं, वीज आणि गॅसच्या लायनींचे नकाशे (हे मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी करा)
- जागेच्या मालकाची किंवा रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी
- शिंप्याची टेप, मोजणीचं चाक, फोन आणि पॉवर बँक
- पाणी कोण घालणार, त्याचं नाव

शेवटची ओळ गमतीने लिहिलेली नाही. ती रिकामी असेल तर बाकीची यादी पूर्ण असूनही उपयोग नाही.

१. प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

"शहर हिरवं करायचं आहे" हा प्रश्न होत नाही. "बसथांब्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्यांना सावली कुठे सगळ्यात कमी मिळते?" हा झाला. "लावलेली रोपं कुठे मरतात?" हाही झाला. प्रश्न बदलला की नकाशाचे थर, म्हणजे एकावर एक ठेवलेली वेगवेगळी माहिती, बदलतात. वाक्य कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा. क्यूजिस उघडलं की माणूस रंग निवडण्यात हरवतो.

मापदंड हवा असेल तर शहरी वनांचे अभ्यासक सेसिल कोनेनडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० हा नियम सोपा आहे: प्रत्येक घरातून किमान ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के छत्र असावं आणि ३०० मीटरच्या आत उद्यान असावं. छत्र म्हणजे वरून पाहिल्यावर झाडांच्या पसाऱ्याने झाकलेली जमीन. हे आकडे दगडावरची रेघ मानू नका. कोरड्या हवामानात ३० टक्के गाठणं अवघड असतं. पण चर्चेला खुंटी लागते ती याने.

२. सावली मोजा

माझं मैदान इथेच फसलं होतं. मी वापरला होता एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक. पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, परावर्तित करतात. त्यामुळे अवरक्तातून लाल वजा करायचा आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर -१ ते +१ च्या दरम्यान येतं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत यासाठी बँड ८ (अवरक्त) आणि बँड ४ (लाल) हे प्रकाशाचे पट्टे लागतात आणि ही चित्रं फुकट मिळतात. पण या गणिताला पान दिसतं, उंची दिसत नाही. गवत, वेल, शेवाळलेला नाला, सगळं त्याला सारखंच. शिवाय या बँडांचा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा असतो. फुटपाथवरचं कोवळं झाड त्यात विरून जातं.

सावलीसाठी दोन मार्ग आहेत.

पहिला, तयार थर. मेटा आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये झाडांच्या उंचीचा जगभराचा नकाशा खुला केला. त्याचा बारकावा १ मीटर आहे. गवत आणि झाड त्यात वेगळं पडतं. मात्र त्यामागची चित्रं काही वर्षांपूर्वीची आहेत. मधल्या काळात रस्तारुंदीत गेलेली झाडं त्यात अजून उभी असू शकतात.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण त्यात फसवणूक स्वतःच्या डोळ्यांनी पकडता येते. आय-ट्री कॅनोपी हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन आहे. आय-ट्री ही साधनांची मालिका अमेरिकेच्या वनसेवेने २००६ मध्ये सुरू केली. यात तुम्ही हद्द आखायची, साधन त्यात कुठेही ठिपके टाकतं, आणि प्रत्येक ठिपका हवाई चित्रात कशावर पडला ते तुम्ही सांगायचं: झाड, गवत, छप्पर, डांबर, माती. पहिले पन्नास ठिपके कंटाळवाणे जातात, मग हात बसतो.

किती ठिपके पुरतात? गणित सोपं आहे. छत्राचं प्रमाण p आणि ठिपके n असतील, तर चूक म्हणजे p गुणिले (१ वजा p), भागिले n, याचं वर्गमूळ. छत्र २० टक्के आणि ठिपके १०० असतील तर ही चूक ४ टक्क्यांची, ५०० ठिपक्यांना १.८ ची. म्हणजे १०० ठिपक्यांवर "या वस्तीत १८ टक्के, त्या वस्तीत २१" असं कुणी सांगितलं तर तो फरक धरू नका.

चकव्याची जागा: झाडाची सावली गडद असते म्हणून इमारतीच्या सावलीलाही हात "झाड" म्हणून जातो. शंका आली की झूम करा, तरी कळलं नाही तर "माहीत नाही" असा वेगळा वर्ग ठेवा.

३. उन्हाचा थर

लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांच्या चित्रांतून जमिनीचं तापमान मिळतं. फाइल उघडल्यावर ४६,००० असले आकडे दिसले तर घाबरू नका. ०.००३४१८०२ ने गुणा, १४९ मिळवा, की केल्व्हिन आलं, त्यातून २७३.१५ वजा केले की सेल्सिअस. ४६,००० म्हणजे साधारण ३३ अंश.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. हे पृष्ठभागाचं तापमान आहे, हवेचं नव्हे. तापलेला पत्रा आणि त्याखाली बसलेला माणूस यांचं तापमान एक नसतं. उपग्रह सकाळी दहाच्या सुमारास वरून जातो, त्यामुळे दुपारचा कहर त्यात नाही. आणि उष्णतेचा मूळ पिक्सेल १०० मीटरचा असतो, तो ३० मीटरचा करून दिलेला असतो. म्हणून "आमच्या गल्लीपेक्षा शेजारची गल्ली तापते" असा वाद या नकाशावर घालू नका. एका दिवसाच्या चित्रावर भिस्त न ठेवता उन्हाळ्यातली ढग नसलेली चार-पाच चित्रं घेऊन त्यांचं मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा.

४. माणसांचा थर

झाडांच्या नकाशात माणसं नसतील तर तो फक्त बागकामाचा नकाशा. इथे समन्याय येतो, म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला आधी.

हा प्रश्न किती जुना असू शकतो याचा एक दाखला. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी आशीर्वादाने शहरांतल्या वस्त्यांची कर्जासाठी प्रतवारी झाली. कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांच्या वस्त्या लाल रंगवून "धोकादायक" ठरवल्या गेल्या. २०२० मध्ये १०८ शहरांच्या अभ्यासात दिसलं की त्यांपैकी ९४ टक्के शहरांत त्या लाल वस्त्या आजही इतरांपेक्षा जास्त तापतात. तोही नकाशाच होता. नकाशा निरागस नसतो हे काम करणाऱ्याने मनात ठेवलेलं बरं.

तर करायचं काय? लोकसंख्या, त्यातली लहान मुलं आणि वृद्ध, उत्पन्नाचा अंदाज देणारं काहीतरी (घराचा आकार, नळजोडणी, जे अधिकृतपणे मिळेल ते), आणि उन्हात थांबावंच लागतं अशा जागा: बसथांबे, शाळांची दारं, दवाखाने, पाणी भरायच्या जागा. या जागा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातून उतरवता येतात. लोकसंख्येचे लहान आकडे मिळालेच नाहीत तर वर्ल्डपॉपचा १०० मीटर चौकटींचा अंदाज आहे. त्याला अंदाजच समजा.

मग प्राधान्य. मी सुरुवातीला दहा घटकांना वजनं देऊन एक भला मोठा निर्देशांक बनवला होता. तो मलाच समजावून सांगता येईना. आता पहिली चाळणी म्हणून एवढंच करतो: उद्दिष्टातून सध्याचं छत्र वजा, गुणिले राहणारी माणसं. समजा एका चौकटीत (नकाशावर पाडलेल्या जाळ्यातल्या एका चौकोनात) छत्र ६ टक्के आणि वस्ती १,८०० जणांची. दुसरीत छत्र १२ टक्के आणि वस्ती ३०० जणांची. उद्दिष्ट ३० धरलं तर पहिलीला २४ गुणिले १,८००, म्हणजे ४३,२००. दुसरीला १८ गुणिले ३००, म्हणजे ५,४००. आठपट फरक. नुसत्या छत्राच्या नकाशात या दोन्ही चौकटी जवळजवळ एकाच रंगाच्या दिसल्या असत्या. वृद्ध, उत्पन्न, उष्णता हे घटक यानंतर एकेक करून आणा आणि प्रत्येक वेळी क्रम किती हलतो ते पाहा. अमेरिकन फॉरेस्ट्स या संस्थेच्या ट्री इक्विटी स्कोअरमध्येही छत्राची तूट आणि लोकांची परिस्थिती यांचीच सांगड आहे, पण ० ते १०० च्या मापात.

चकव्याची जागा: वॉर्डाची सरासरी. वॉर्डात एक मोठी बाग असली की तिच्या सावलीत अख्खी दाट वस्ती कागदावर हिरवी होते. माझ्या मैदानाचं हेच झालं होतं, फक्त तिथे सावलीही खोटी होती. २०० मीटरच्या चौकटी पाडून काम करा. बैठकीत दाखवताना वॉर्डाची हद्द वरून नुसती रेघ म्हणून ठेवा.

५. गरज आणि जागा यांचे नकाशे वेगळे ठेवा

सगळा लेख वाचायचा नसेल तर एवढा भाग वाचा.

खड्डा खणायला जागा कुठे सापडते? रुंद रस्त्यांकडेला, मोठ्या आवारांत, जिथे फुटपाथ धडधाकट आहेत तिथे. म्हणजे जिथे आधीच झाडं आहेत तिथेच. ज्या वस्तीत दारासमोर सायकल लावायची मारामार, तिथे नकाशा म्हणतो "जागा शून्य". मग "जागा आहे तिथे लावू" असं म्हणत आकडा पूर्ण केला जातो. कुणाचा वाईट हेतू नसतो, तरी झाडं पुन्हा सावलीवाल्यांच्याच दारात जातात. गरज आणि जागा यांना एकाच निर्देशांकात गुणलं की हा अन्याय गणिताच्या पोटात लपतो, आणि तो कुणाला दिसतही नाही.

म्हणून आधी गरजेचा नकाशा पूर्ण करा आणि पहिल्या वीस चौकटी ठरवा. त्यानंतरच त्या वीस चौकटींत जागा शोधा. सापडत नसेल तर "इथे नको" असं न म्हणता "इथे जागा करायला काय लागेल" असं लिहा: पार्किंगची एक पट्टी, शाळेच्या अंगणातलं काँक्रीट फोडणं, दवाखान्याच्या भिंतीलगतची पडीक पट्टी, झाड शक्यच नसेल तिथे मांडवावर वेल. यातलं प्रत्येक काम एका रोपापेक्षा महाग असतं. तो खर्च नकाशावर दिसला की मागता येतो.

६. पायी फिरा

उपग्रहाला खोडावर ठोकलेला खिळा दिसत नाही, बुंध्याला गळ्यापर्यंत भिडलेलं सिमेंट दिसत नाही. निवडलेल्या चौकटींत चालत जा आणि असलेल्या प्रत्येक झाडाची नोंद करा. प्रत्येकाला क्रमांक, जात, खोडाचा घेर (जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर), आळ्याची लांबी-रुंदी, डोक्यावर तारा आहेत का, प्रकृती, फोटो, तारीख. घेर आणि व्यास यांचे रकाने वेगळे ठेवा. आमच्या गटात अर्ध्यांनी घेर लिहिला, अर्ध्यांनी व्यास, आणि एका रस्त्यावरची झाडं अचानक तिप्पट जाड झाली.

फोनमध्ये नोंदीसाठी क्यूफील्ड किंवा कोबोटूलबॉक्स चालेल. जातीचं नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या. नाहीतर एकाच झाडाची सात शुद्धलेखनं येतात.

उंच इमारतींमध्ये फोनचा जीपीएस पाच-दहा मीटर सहज भरकटतो. झाड नकाशावर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उगवतं. न्यूयॉर्कमध्ये १९९५ पासून दर दहा वर्षांनी रस्त्यांवरच्या झाडांची गणना होते. २०१५ च्या गणनेत साडेसहा लाखांहून अधिक झाडं मोजली गेली, त्यातली बरीचशी स्वयंसेवकांनीही. तिथे जीपीएसवर न विसंबता रस्त्याच्या कोपऱ्यापासून मोजणीचं चाक ढकलत अंतरं घेतली. आम्हीही आता तेच करतो. "कोपऱ्यापासून साडेबारा मीटर" ही नोंद पाच वर्षांनी दुसऱ्यालाही सापडते.

तांत्रिक खड्डे तीन, तिन्हींत मी पडलेलो आहे. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली की झाडं भलत्याच देशात जातात, आणि रकाना रिकामा राहून शून्य धरला गेला की ती आफ्रिकेजवळच्या समुद्रात, शून्य-शून्यवर जाऊन बसतात. दशांशानंतर किमान पाच आकडे ठेवा. पाचवा आकडा साधारण एक मीटरचा असतो. तिसरा खड्डा असा की नकाशा अंशांमध्ये असताना "३०० मीटरचा बफर" (एखाद्या जागेभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ) काढला तर क्यूजिस तो ३०० अंशांचा काढतं. उद्यानाच्या त्या वर्तुळात अख्खी पृथ्वी मावली होती. अंतर किंवा क्षेत्रफळ मोजण्याआधी थर आपल्या भागाच्या यूटीएम पट्ट्यात, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीत, आणा.

आणखी एक. गूगलच्या चित्रावरून झाडं गिरवून ती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरू नका, परवाना तशी मुभा देत नाही. ओपनस्ट्रीटमॅप वापरलं तर नकाशावर त्याचं श्रेय छापा.

७. दार ठोठावा

डेट्रॉइटमध्ये २०११ ते २०१४ या काळात एका संस्थेने लोकांना घरासमोर फुकट झाड देऊ केलं, तेव्हा जवळपास चौथ्या हिश्श्याने ते नको म्हटलं. २०१९ मध्ये त्यामागची कारणं प्रसिद्ध झाली. लोकांना झाडांचं वावडं नव्हतं. जात कोणती लावायची हे कुणी विचारलं नव्हतं, आणि पानं झाडणं, मुळांनी उखडलेला फुटपाथ, पडलेली फांदी, हे सगळं आपल्याच गळ्यात पडणार हे त्यांनी आधी अनुभवलं होतं.

नकाशा घेऊन जा, पण अर्धवट. पूर्ण रंगवलेल्या नकाशावर कुणी बोट ठेवत नाही. साधा काळा-पांढरा मोठा छाप, सोबत स्केचपेन, आणि तीन प्रश्न: दुपारी तुम्ही कुठून चालता, कुठे थांबता, कुठे झाड नको? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सोन्यासारखी असतात. रात्री दिवा झाकला जाईल, दुकानाची पाटी दिसणार नाही, तिथून पाण्याचा टँकर वळतो. या खुणांचा वेगळा थर करा. भाडेकरूंनाही विचारा, परिसर सुधारला की भाडं वाढून आपल्यालाच निघावं लागेल ही त्यांची भीती खोटी नसते. आणि घराघरातून मिळालेली वैयक्तिक माहिती सार्वजनिक नकाशावर टाकू नका.

८. जातींची निवड

हे थोडक्यात, कारण इथे स्थानिक वनस्पतितज्ज्ञ गाठणं हाच खरा सल्ला. नकाशाचं काम एवढंच की एका जातीची गर्दी दाखवणं. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये सुचवलेला हिशेब हाताशी ठेवा: एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (जवळच्या जातींच्या गटाची) २० हून आणि एका कुळाची ३० हून जास्त झाडं नकोत. एल्म या परदेशी झाडाची एकसुरी रांग असलेले रस्ते डच एल्म रोगाने ओसाड केले, तो धडा यामागे आहे. तारांखाली उंच वाढणारं झाड लावू नका. दरवर्षी त्याचं डोकं छाटलं जातं आणि सावलीच्या नावाने खराटा उरतो.

९. देखभालीचा नकाशा

रस्त्यावरच्या झाडांच्या जगण्याचे अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये अंदाज निघाला की त्यांपैकी वर्षाला साधारण ९५ ते ९६.५ टक्के झाडं टिकतात. ऐकायला छान. पण वर्षाला ५ टक्के गळती म्हणजे साडेतेरा वर्षांत शंभरातली पन्नास गेली. लागवडीचा नकाशा छापून मोकळं होणाऱ्यांनी हा हिशेब एकदा हाताने करावा.

म्हणून प्रत्येक नव्या रोपाच्या नोंदीत हे रकाने जोडा: पाण्याचा स्रोत कोणता आणि चालत किती दूर, पाणी घालणाऱ्याचा संकेतांक, शेवटची भेट, आळ्यात आच्छादन आहे का, टेकूची दोरी खोडात रुतते आहे का. अंतर सरळ रेषेत मोजू नका. मध्ये रहदारीचा रस्ता असेल तर बादली घेऊन कुणी तो ओलांडत नाही. क्यूजिसमध्ये रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर काढता येतं, ते वापरा. आणि पहिली दोन-तीन वर्षं दर भेटीनंतर ठिपक्याचा रंग बदलत राहा: हिरवा, पिवळा, काळा.

तक्रारीची वाटही ठेवा. मेलबर्न पालिकेने प्रत्येक झाडाला क्रमांक आणि ईमेल दिला तो मोडलेल्या फांद्या कळाव्यात म्हणून. लोकांनी झाडांना प्रेमपत्रं धाडली. तुम्हाला ईमेल नको, खोडाशेजारी क्रमांकाची पाटी आणि एक फोन नंबर पुरे. मात्र तक्रारींच्या संख्येवरून देखभालीचा क्रम ठरवू नका. फोन करायला ज्यांना वेळ आणि हक्क वाटतो, त्यांच्याच गल्लीतल्या फांद्या मग वेळेवर छाटल्या जातात. तक्रारी कमी आणि काळे ठिपके जास्त, अशी चौकट दिसली की तिथे स्वतःहून जा.

मेलेल्या रोपांचे ठिपके पुसू नका. एका बैठकीआधी "वाईट दिसतं" म्हणून ते काढून टाकायचा आग्रह माझ्याकडे झाला होता. मी ठेवले. त्या नकाशात एका रस्त्याच्या डाव्या बाजूला अकरा काळे ठिपके ओळीने होते आणि उजव्या बाजूला एकही नव्हता. माती तीच, जात तीच, लावली त्याच दिवशी. नळ उजव्या बाजूला होता. पुढच्या पावसाआधी आम्ही डाव्या बाजूला आधी नळ घेतला.